मीटर रूममधला न्यूट्रल

नमस्कार श्रोतेहो. वळवाचा पाऊस आला की ठाणे-नवी मुंबईत एक तक्रार हमखास ऐकू येते: "लाइट आली आणि टीव्ही गेला." आपण दोष देतो आभाळातल्या विजेला. पण घोडबंदर रोडचा टॉवर असो की वाशीतली जुनी इमारत, कित्येकदा कारण तळमजल्यावरच्या मीटर रूममध्ये असतं. तिथला न्यूट्रल, म्हणजे वीज परत नेणारी तार, सैल झालेला असतो.

इमारतीत वीज येते ती तीन फेज, म्हणजे वीज आणणाऱ्या तीन तारा, आणि एक न्यूट्रल अशी. दोन फेजमध्ये सुमारे 400 व्होल्ट, फेज आणि न्यूट्रलमध्ये 230. घराला 230च मिळतात, ते न्यूट्रल शाबूत आहे म्हणून. खाडीकाठच्या दमट हवेत त्याचा जोड गंजतो, तापतो आणि एखाद्या दिवशी सुटतो. मग ज्या फेजवर भार जास्त, तिथले दिवे मिणमिणतात. ज्या फेजवर कमी, त्या घरांत व्होल्टेज 300च्याही पुढे जातं. फ्रिज, राउटर, वॉशिंग मशीनचं कार्ड, सगळं एकदम जातं. एमसीबी, म्हणजे आपोआप पडणारी खटक्याची स्विच, मात्र पडत नाही, कारण तिला जादा करंट कळतो, जादा व्होल्टेज कळत नाही.

म्हणून दिवे अचानक लख्ख किंवा अगदी मंद झाले, तर आधी घरातला मेन स्विच बंद करा, मग वायरमनला फोन करा. घरासाठी ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर बसवून घ्या. व्होल्टेज मर्यादेबाहेर गेलं की तो लाइन तोडतो. टीव्हीमागचा स्पाइक बस्टर हे काम करू शकत नाही. तो क्षणभराचा झटका झेलतो. टिकून राहिलेल्या जादा व्होल्टेजपुढे तो स्वतःच जळतो.

आभाळातल्या विजेचा झटका हे वेगळं प्रकरण. त्यासाठी मुख्य पॅनेलवर सर्ज प्रोटेक्टर, म्हणजे एसपीडी, हवा. तो झटका जमिनीत सोडतो, त्यामुळे अर्थिंग धड नसेल तर पैसे वाया. नवे पेव्हर ब्लॉक घालताना अर्थ पिटची, म्हणजे अर्थिंगच्या खड्ड्यांची, झाकणंच गाडून टाकतात, याचा मला खरोखर राग येतो. पिट मोकळे ठेवा, पावसाळ्यापूर्वी परवानाधारक कंत्राटदाराकडून अर्थिंग मोजून घ्या, न्यूट्रलचे जोड आवळून घ्या. एसपीडीच्या तारा जोडताना त्या अर्ध्या मीटरच्या आत ठेवायला सांगा. तार लांबली की संरक्षण घटतं. आणि बहुतेक एसपीडींवर एक छोटी खिडकी असते. ती हिरवी असेल तर ठीक. लाल दिसली, तर आतलं कार्ट्रिज संपलंय. ते त्याच आठवड्यात बदला.