आधी वर्दी, मग अपडेट

(रत्नागिरीतील एका व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मित्रहो, आयोजकांनी मला विषय दिला होता 'स्वतःचा सर्व्हर स्वतः चालवा'. तो मी जरा आखडता घेतला आहे. सर्व्हर चालू करायला आजकाल फारसं काही लागत नाही. जुना डेस्कटॉप घ्या, त्यावर लिनक्स आणि डॉकर (प्रत्येक सॉफ्टवेअर कंटेनर नावाच्या बंद डब्यात चालवणारी यंत्रणा) टाका, काय काय चालवायचं ते सांगणारी कंपोझ फाइल उतरवून घ्या. संध्याकाळपर्यंत फोटो इमिचमध्ये, पासवर्ड व्हॉल्टवॉर्डनमध्ये आणि कागदपत्रं पेपरलेसमध्ये. इथल्या निम्म्या मंडळींनी हे केलेलं आहे. माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. सहा महिन्यांनी त्यातल्या एखाद्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली, तर ते तुम्हाला कोण सांगतं?

कोणीच सांगत नाही. मोबाइलवर प्ले स्टोअर आहे, इथे तसं काही नाही. आणि कंटेनरचा स्वभाव असा की तुम्ही यंत्रावर एपीटी अपग्रेड, म्हणजे लिनक्सची नेहमीची अपडेटची आज्ञा, कितीही वेळा चालवलंत, तरी आतलं काही हलत नाही. आतलं ओपनएसएसएल, आतलं पायथन, आतला डेटाबेस, सगळं त्या कंटेनरची इमेज, म्हणजे तयार साचा, बनली त्या दिवशीचं. मी बघितलेल्या सर्व्हरांवर दोनच तऱ्हा दिसतात. एक तर 'चाललंय ना, मग हात लावू नका', नाहीतर 'रात्री तीनला आपोआप सगळं अपडेट'. मला या दोन्हींच्या मधली वाट सांगायची आहे आणि ती मला मनापासून पटलेली आहे.

तुम्ही बंदराजवळची माणसं, तुम्हाला लगेच कळेल. वादळाचा इशारा आला की बंदरावर तीन नंबरचा बावटा लागतो. तो बावटा होडी ओढून किनाऱ्याला आणत नाही. त्याचं काम सांगण्याचं. होडी कधी आणि कुठून वळवायची, ते तांडेल ठरवतो, कारण जाळं पाण्यात आहे का, डिझेल किती उरलंय, हे त्याला माहीत असतं. सर्व्हरला मला असा बावटा हवा आहे. नवी आवृत्ती आली का, हे यंत्राने न चुकता बघावं, न चुकता सांगावं, म्हणजे वर्दी द्यावी. बदल मात्र जाग्या माणसाने करावा.

हात लावू नका म्हणणाऱ्यांचं आधी निपटतो. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या जावा लायब्ररीतलं, म्हणजे इतर सॉफ्टवेअर वापरतात अशा तयार कोडमधलं, भगदाड उघड झालं. तीव्रता दहापैकी दहा. एक विशिष्ट मजकूर लॉगमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरच्या नोंदींत, शिरला की बाहेरचा माणूस तुमच्या सर्व्हरवर आपला प्रोग्रॅम चालवू शकत होता. ती लायब्ररी असंख्य सॉफ्टवेअरच्या पोटात दडलेली, आणि आपल्याकडे ती आहे की नाही हेच पुष्कळांना ठाऊक नव्हतं. हात न लावता बसणं तिथे परवडलं नाही.

आता दुसरी तऱ्हा. इथे माझं गाऱ्हाणं आहे. आपल्याकडे गाऱ्हाणं घातलं की बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं असतं, तेव्हा योग्य ठिकाणी साथ द्या. (हशा)

आपल्याच जिल्ह्यातलं एक वाचनालय. नाव सांगत नाही. तिथल्या बाई निवृत्त शिक्षिका. वाचनालयाची हस्तलिखित इतिवृत्तं, गावातल्या नाटकांची हस्तपत्रकं, जुने फोटो, हे सगळं बाईंनी कॉलेजच्या दोन मुलांना हाताशी धरून स्कॅन केलं आणि पेपरलेसमध्ये भरलं. पेपरलेस आतून टेसरॅक्ट हे चित्रातली अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर वापरतं आणि टेसरॅक्टला मराठी वाचता येतं. छापील हस्तपत्रकं त्याने बऱ्यापैकी वाचली. मोडी वळणाच्या हस्ताक्षरापुढे त्याने हात टेकले, तिथे बाईंनी स्वतः बसून शीर्षकं दिली, तारखा घातल्या, माणसांची नावं टॅग म्हणून लावली. उद्देश एकच. गणपतीला चाकरमानी गावात आले की त्यांनी वाचनालयात यावं, आजोबांचं नाव टाइप करावं, आणि आजोबा कोणत्या साली कोणत्या नाटकात कोण झाले होते ते पडद्यावर दिसावं. (श्रोत्यांतून: व्हय म्हाराजा!) थांबा, ही जागा अजून आली नाही.

यंत्रणा एका ठेकेदाराने बसवून दिली होती. कंपोझ फाइलमध्ये डेटाबेसच्या ओळीत त्याने लिहिलं होतं: पोस्टग्रेस, अपूर्णविराम, लेटेस्ट. म्हणजे पोस्टग्रेस या डेटाबेसची जी सगळ्यात नवी आवृत्ती असेल ती. शेजारी रात्री तीनला चालणारा आपोआप अपडेटर. तो नवी इमेज आणणार, कंटेनर पुन्हा उभा करणार आणि जागा वाचावी म्हणून जुनी इमेज पुसून टाकणार. निरोप कोणालाही नाही.

१४ सप्टेंबर २०२३ ला पोस्टग्रेसची १६ वी आवृत्ती आली. त्या वर्षी गणेश चतुर्थी १९ तारखेला होती. मधल्या एका रात्री 'लेटेस्ट' ही चिठ्ठी १५ वरून निघून १६ ला चिकटलेली होती, आणि अपडेटरने आपलं काम चोख केलं. रविवारी सकाळी बाईंनी वाचनालय उघडलं तर पेपरलेसचं पान उघडेना. यंत्र बंद करून चालू केलं, तेच. ठेकेदाराला फोन केला. उत्तर आलं, "आम्ही काहीच केलेलं नाही. अपडेट ऑटोमॅटिक आहे."

हे वाक्य मला अजून सलतं. गावाचा दस्तऐवज ठेवलेल्या यंत्रात रात्री तीनला बदल होतो, आणि तो कोणीच केलेला नसतो! ज्याने बसवलं त्याने नाही, जिने वापरलं तिनेही नाही. महाराजा, असं यंत्र आमच्या वाट्याला येऊ नये! (श्रोते: व्हय म्हाराजा!) हां, ही जागा.

पुढचं ऐका. मदतीला आलेल्या एका हुशार मुलाने इंटरनेटवर वाचलं की सगळं खाली उतरवून नव्याने उभं करा. डॉकर कंपोझ डाउन, आणि पुढे उणे व्ही. एंटर दाबणार तेवढ्यात बाईंनी विचारलं, "त्या व्हीचा अर्थ काय रे?" त्याला सांगता येईना. बाई म्हणाल्या, "मग हात काढ." तो व्ही म्हणजे व्हॉल्यूम, कंटेनरची माहिती साठवण्याची जागा, आणि उणे व्ही लिहिलं की तीही पुसली जाते. पेपरलेसच्या तयार कंपोझ फाइलमध्ये डेटाबेस तर व्हॉल्यूममध्ये असतोच, मूळ स्कॅनही व्हॉल्यूममध्येच असतात. ती कळ दाबली असती तर टॅग गेले असते, तारखा गेल्या असत्या, कागदांची चित्रंही गेली असती. इतिवृत्ताची वही वाळवीने खायला वर्षं घेतली असती, इथे एका सेकंदात काम झालं असतं.

मग मला बोलावणं आलं. लॉग उघडला. पोस्टग्रेस दर काही सेकंदांनी उठत होतं, एकच ओळ लिहून पडत होतं: ही डेटा डिरेक्टरी १५ व्या आवृत्तीने बनवलेली आहे, ती या १६ व्या आवृत्तीशी जुळत नाही. पोस्टग्रेसचं मला कौतुक वाटतं. मोठी आवृत्ती बदलली की जुन्या फायलींना ते हातच लावत नाही, सरळ नकार देतं. माहिती जशीच्या तशी शाबूत होती. कंपोझ फाइलमध्ये 'लेटेस्ट' खोडून १५ लिहायचं, एवढंच काम.

पण १५ ची इमेज अपडेटरने पुसून टाकलेली! ती पुन्हा आणायची तर बाहेर धो धो पाऊस आणि नेट मेलेलं. मोबाइलला रेंज फक्त वर सड्यावर. तेव्हा लॅपटॉप घेऊन सड्यावर गेलो, तिथे इमेज उतरवली, डॉकर सेव्हने तिची फाइल केली, पेन ड्राइव्हवर घातली आणि वाचनालयात येऊन डॉकर लोड केलं. ही युक्ती लिहून ठेवा, आपल्या भागात पावसाळ्यात उपयोगी पडते. दोन्ही यंत्रांचा प्रोसेसर एकाच जातीचा हवा, एवढं बघा. पान उघडलं. बाईंनी पहिल्यांदा आपल्या वडिलांचं नाव टाकून बघितलं, आणि मग मला विचारलं, "पण रात्री तीनला हे बदलायचं ठरवलं कोणी?"

त्या प्रश्नाला 'जरा थांबून घ्या' एवढंच उत्तर पुरत नाही, कारण थांबण्यामागे कारण लागतं. ते कारण मार्च २०२४ मध्ये दिसलं. एक्सझेड नावाची, फायली दाबून लहान करणारी लायब्ररी आहे, जवळपास प्रत्येक लिनक्सवर असते. तिच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत कोणीतरी पद्धतशीरपणे चोरदरवाजा बसवला होता. सापडला कसा? अँड्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेसच्याच एका विकसकाला एसएसएचने, म्हणजे दूरच्या यंत्रात शिरण्याच्या सोयीने, आत शिरायला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं. दुसरा कोणी म्हणाला असता, असेल काहीतरी. हा गृहस्थ खणत गेला आणि २९ मार्चला त्याने जगाला सांगितलं. अर्ध्या सेकंदाकडे दुर्लक्ष न करणाऱ्या माणसाला माझा दंडवत. त्या वेळी डेबियन या लिनक्सच्या स्थिर आवृत्तीवर असलेले सुरक्षित होते, आणि आलं की घेतलं म्हणणाऱ्यांच्या यंत्रात ते शिरलेलं होतं.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, शेवटच्या एसटीवाल्यांची चुळबुळही दिसते आहे. म्हणजे ज्यासाठी बोलावलं ते आता भरभर सांगावं लागणार.

तपासणी कशी होते? इमेजचा टॅग, जसं 'लेटेस्ट', हे नुसतं नाव, ते आज या इमेजला, उद्या त्या इमेजला लागू शकतं. इमेजची खरी ओळख म्हणजे तिचा डायजेस्ट, शा-२५६ पद्धतीने तिच्यावरूनच काढलेला लांबलचक आकडा. तपासणारं सॉफ्टवेअर रजिस्ट्रीला, म्हणजे इमेजच्या कोठाराला, एवढंच विचारतं की या नावाचा आजचा डायजेस्ट काय, आणि कालच्याशी ताडून बघतं. इमेज उतरवावी लागत नाही. २०२० च्या नोव्हेंबरपासून डॉकर हब या रजिस्ट्रीने डाउनलोडवर मर्यादा घातली आहे, पण नुसती अशी चौकशी तिच्यात मोजली जात नाही. दिवसातून चार वेळा विचारा, बिनधास्त.

साधन म्हणून मी डायुन सुचवतो. ते फक्त कळवतं, अपडेट करण्याची सोयच त्यात नाही, आणि म्हणूनच मला ते आवडतं. ज्यांना वेब पानावर यादी बघायची आहे त्यांनी व्हॉट्स अप डॉकर बघावं. वॉचटॉवर बरेच जण वापरतात. त्यातही नुसतं कळवण्याची सोय होती, पण मूळ प्रकल्पाची देखभाल आता थांबली आहे. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये डॉकरची २९ वी आवृत्ती आली, तिने जुनी एपीआय (इतर सॉफ्टवेअरने डॉकरशी बोलण्याची पद्धत) नाकारली, आणि पुष्कळांचं वॉचटॉवर तिथेच अडकलं. तुमच्याकडे असेल तर आज घरी जाऊन बघा ते खरंच चालतंय का.

टॅग नीट निवडा. डेटाबेसला लेटेस्ट कधीच नाही. पोस्टग्रेसला १५ लिहिलं की १५ च्या आतल्या दुरुस्त्या मिळत राहतात, नोव्हेंबर २०२७ पर्यंत. आणि एक बारीक गोष्ट, जी पुष्कळांच्या लक्षात येत नाही: तुम्ही १५.४ असा अगदी नेमका टॅग लिहिलात, तर १५.५ आल्याची वर्दी डायजेस्ट ताडून येणार नाही, कारण ते वेगळंच नाव आहे. तिथे डायुनला वॉच रेपो हे लेबल लावून सगळ्या टॅगांवर नजर ठेवायला सांगा आणि इन्क्लूड टॅग्जने हवे तेवढेच गाळून घ्या. नाहीतर बीटा, आरसी, अल्पाइन अशा सगळ्यांच्या वर्द्या येऊन तुम्ही वैतागून आवाज बंद कराल.

वर्दी एनटीएफवाय या सूचना पाठवणाऱ्या सेवेने किंवा टेलिग्रामवर फोनवर येऊ द्या, आणि किमान दोघांच्या फोनवर. एक माणूस गणपतीला गावी जातोच. रात्री वीज गेली तर क्रॉनचं, म्हणजे ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या सोयीचं, चुकलेलं काम तसंच राहतं, आपल्याकडे हे जूनपासून रोजचंच. डायुन यंत्र उठल्यावर स्वतः एकदा तपासतं. तुमची स्वतःची स्क्रिप्ट असेल तर सिस्टमडीचा टायमर वापरा आणि त्यात पर्सिस्टंट चालू ठेवा, म्हणजे चुकलेलं काम यंत्र उठल्यावर होतं. शिवाय वर्दी आली नाही म्हणजे नवं काही नाही असं धरू नका, बावटा लावणाराच आजारी असू शकतो. डायुन हेल्थचेक्स या देखरेखीच्या सेवेला प्रत्येक फेरीनंतर खूण पाठवू शकतं. खूण थांबली की तिकडून तुम्हाला निरोप येतो. ते मात्र दुसऱ्या यंत्रावर हवं, त्याच यंत्रावर ठेवून उपयोग नाही.

डॉकरचं सॉकेट, म्हणजे डॉकरला हुकूम देण्याची वाट, तपासनीसाला सरळ देऊ नका. ज्याच्या हाती सॉकेट, त्याच्या हाती सगळं यंत्र. मध्ये सॉकेट प्रॉक्सी हा मध्यस्थ ठेवा, फक्त वाचण्यापुरती वाट उघडा.

वर्दी आल्यावर काय? त्या आवृत्तीच्या नोंदी वाचा. सुरक्षेची दुरुस्ती असेल तर त्याच दिवशी घ्या, नुसत्या नव्या सोयी असतील तर आठवडाभर जाऊ द्या, तोवर इतरांचं काय झालं ते कळतं. नेक्स्टक्लाउडसारख्यांना एका वेळी एकच मोठी आवृत्ती चढता येते, मधली गाळून चालत नाही. आधी डेटाबेसचा डंप, म्हणजे पूर्ण प्रत, जुनी इमेज पुसायची नाही, आणि मग दिवसाउजेडी, नेट असताना, अपडेट.

वाचनालयात आता हीच मांडणी आहे. वर्दी बाईंच्या फोनवर येते, त्या दोन मुलांपैकी एकाला बोलावतात, तो डंप घेतो, बाई नोंदवहीत तारीख आणि आवृत्ती लिहितात, मग बदल होतो. डायुनची कंपोझ फाइल, मराठीत टिपा घालून, मी पेन ड्राइव्हवर आणली आहे. चहाच्या टेबलाशी या, ज्यांना हवी त्यांनी कॉपी करून घ्या.