ऑपरेशननंतरचं दुसरं वर्ष

[दृश्य : पहाट, चाळीतली खोली. जमिनीवरची गादी.]

जाग आली तरी मी लगेच उठत नाही. आधी टाचेखाली उशी, गुडघा सरळ, मांडीचा पुढचा स्नायू आवळून दहा आकडे. असं दहा वेळा. मगच उभी राहते. गुडघ्याच्या ऑपरेशनला १६ महिने झालेत.

[दृश्य : परळचं मैदान, कबड्डीचा सराव.]

चढाईत होते. पकड चुकवायला गर्रकन वळले, पाऊल मॅटवर रोवलेलंच राहिलं आणि गुडघा आत गेला. कुणाचा हातही लागला नव्हता. ‘कट्’ आवाज मात्र मी ऐकला. एसीएल तुटला होता. मांडीचं हाड आणि नडगी यांना गुडघ्याच्या आत बांधून ठेवतो, तो लिगामेंट.

दुर्बिणीने ऑपरेशन झालं. माझ्याच मांडीमागच्या हॅमस्ट्रिंग स्नायूंना हाडाशी जोडणारे दोन टेंडन काढून नवा लिगामेंट बसवला. “सहा महिन्यांत पळशील,” असं सगळे म्हणाले.

सहा महिन्यांनी मी जिनाही कठडा धरून उतरत होते. प्रत्येक कळेला वाटायचं, पुन्हा तुटला. त्या भीतीने व्यायाम सोडला आणि दुखणं वाढलं.

[दृश्य : फिजिओथेरपीची खोली. मांडीभोवती मोजपट्टी.]

फिजिओ ताईंनी नडगी पुढे ओढून पाहिली. लिगामेंट घट्ट होता. मग दुखतंय काय? त्यांनी बोट ठेवायला सांगितलं. जिना उतरताना दुखायची ती वाटीभोवतीची जागा. मांडीमागे ओढ लागायची, ती जिथून टेंडन घेतले तिथली. टाक्यांजवळ बधिर होतं, कारण त्वचेची बारीक नस दुखावली होती. ऑपरेशन झालेली मांडी दुसरीपेक्षा तीन सेंटीमीटर बारीक भरली. सांध्यात सूज असली की मांडीचा स्नायू नीट आवळतच नाही, आणि तो दुबळा राहिला की भार वाटीवर येतो. हे मला कुणी आधी सांगितलं असतं, तर ते महिने मी घाबरून काढले नसते.

आता माझा हिशेब दहापैकी गुणांचा. व्यायामात दोन-तीन गुण दुखलं तर थांबायचं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा सुजलेला दिसला, तर व्यायामात उचलायचं वजन कमी करायचं. व्यायाम बंद करायचा नाही. गुडघा पूर्ण सरळ होईना, तर मात्र सर्जनना दाखवायचं. आत व्रणाची गाठ अडकलेली असू शकते. पोटरी सुजली, किंवा ताप येऊन गुडघा लाल, गरम झाला, तर त्याच दिवशी दवाखाना.

बसवलेला टेंडन सुरुवातीला रक्तपुरवठ्याविना असतो. त्यात रक्तवाहिन्या शिरून तो लिगामेंटसारखा व्हायला वर्ष, कधी त्याहून जास्त लागतं. म्हणून नऊ महिन्यांच्या आत मैदानात उतरणं धोक्याचं.

माझ्या ऑपरेशनला मंडळाने वर्गणी काढली, ते उपकार मी विसरणार नाही. पण फिजिओच्या महिनोन्‌महिन्यांच्या फीसाठी वर्गणी निघत नाही. कितीतरी मुली तिथेच थांबतात. ही गोष्ट मला फार लागते.

[दृश्य : हळदीचा मांडव, पंगत.]

परवा भावाच्या हळदीला मी खुर्ची मागितली नाही. पंगतीत मांडी घातली. वरणभात होईपर्यंत टिकली, मग हळूच पाय लांब केला. शेजारी आजी होती. काही न बोलता तिने आपलं ताट सरकवलं आणि माझ्या पायाला जागा करून दिली.