बसल्या जागेवरून

श्रोतेहो, नमस्कार.

क्रिकेटमधला यष्टिरक्षक आपल्या ओळखीचा. बेसबॉलमध्ये त्याचा भाऊ शोभेल असा कॅचर असतो. तोंडावर जाळी, छातीला पॅड आणि सामनाभर उकिडवं बसणं. धावणाऱ्यासाठी मैदानावर ठरलेले थांबे असतात, त्यांना बेस म्हणतात. पहिल्या बेसवरचा समोरच्या संघाचा गडी डोळा चुकवून दुसऱ्या बेसकडे पळाला, की कॅचर ताडकन उठून चेंडू फेकतो. कॅचरपासून दुसऱ्या बेसपर्यंतचं अंतर सुमारे १२७ फूट. बिझ मॅकी मात्र कितीदा तरी उठायचाच नाही! बसल्या बसल्या मनगटाचा झटका, की चेंडू बेसवर हजर.

मॅकीचा जन्म १८९७चा, टेक्सासमधल्या ईगल पासचा. अमेरिकेच्या बड्या लीगमध्ये तेव्हा काळ्या खेळाडूला मज्जाव. नियम कागदावर नव्हता, पण पाळत सगळेच. म्हणून काळ्या खेळाडूंच्या वेगळ्या लीग उभ्या राहिल्या. १९२५ साली तिथलं अजिंक्यपद जिंकणाऱ्या हिलडेल संघाचा कॅचर मॅकीच. १९२७मध्ये तो जपानलाही खेळून आला. फलंदाजी उत्तम, पण मला मौज वाटते ती त्याच्या तोंडाच्या पट्ट्याची. समोरच्या फलंदाजाला बोलून बोलून भंडावून सोडायचा. ‘बिझ’ हे टोपणनाव त्यातूनच पडलं म्हणतात.

१९३७ साली एलिट जायंट्स संघात पंधरा वर्षांचा एक पोरगा आला, रॉय कॅम्पानेला. मॅकी तिथे व्यवस्थापक. पाय कुठे ठेवायचे, चेंडू हातमोज्यातून कसा झटकन काढायचा, सारं त्याने घोटून घेतलं. मास्तर इतका कडक, की पोराच्या डोळ्यांत पाणी यायचं.

१९४७मध्ये जॅकी रॉबिन्सन या काळ्या खेळाडूने बड्या लीगचं दार उघडलं, तेव्हा मॅकी पन्नाशीला टेकला होता. त्या दारातून पुढच्या वर्षी आत गेला तो कॅम्पानेला. ब्रुकलिन डॉजर्सकडून खेळताना तीनदा लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. मॅकीचं नाव हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत लागलं ते थेट २००६ साली. तो तर १९६५लाच गेला होता.

पण त्याआधीची एक संध्याकाळ सांगायलाच हवी. १९५८च्या जानेवारीत मोटार अपघातात कॅम्पानेलाचं शरीर लुळं पडलं. ७ मे १९५९ रोजी लॉस एंजेलिसच्या कोलिझियममध्ये त्याच्या सन्मानार्थ सामना झाला. प्रेक्षक ९३,१०३. दिवे मालवले गेले आणि अंधारात हजारो काड्या पेटल्या. चाकाच्या खुर्चीतल्या कॅम्पानेलाने त्या अफाट गर्दीला एकसष्ट वर्षांच्या एका माणसाची ओळख करून दिली. आपल्याला कॅचर कोणी केलं, ते लोकांनी पाहावं म्हणून.