धूर, आग आणि ओले लाकूड

डोंगराच्या कुशीतून उठणारा हा धूर आपल्याला दिसतो, त्याखालची आग दिसत नाही. तरीही तिथे आग आहे असे आपण बेधडक म्हणतो आणि ते बरोबरच असते. न्यायशास्त्राने, म्हणजे आपल्या प्राचीन तर्कशास्त्राने, हेच म्हणणे पाच अवयवांत मांडले: डोंगरावर आग आहे ही प्रतिज्ञा, कारण तिथे धूर आहे हा हेतू, जिथे जिथे धूर तिथे तिथे आग, जसे स्वयंपाकघर, हे उदाहरण, तसाच धूर या डोंगरावर आहे हा उपनय आणि म्हणून तिथे आग आहे हे निगमन. चूल दाखवल्यावाचून हे अनुमान पुढे सरकत नाही.

समोरची पाने अन्नंभट्टांच्या सतराव्या शतकातील ‘तर्कसंग्रहा’ची आहेत. यशवंत वासुदेव आठल्ये यांनी संपादिलेली या ग्रंथाची आवृत्ती १८९७ साली मुंबई संस्कृत मालेत निघाली. सव्यभिचार, विरुद्ध, सत्प्रतिपक्ष, असिद्ध आणि बाधित असे पाच हेत्वाभास, म्हणजे हेतूचा नुसता भास निर्माण करणारे दोष, ग्रंथकार सांगतात. आकाशातले कमळ सुगंधी आहे, कारण ते कमळ आहे, हे त्यांतल्या असिद्धाचे गमतीदार उदाहरण. ज्याच्याविषयी बोलायचे ते कमळच मुळात अस्तित्वात नाही.

आता या लोहारशाळेत पाहा. भाता चालतो आहे, कोळसे फुलले आहेत आणि सांडशीत धरलेले लोखंड लालबुंद झाले आहे. पण त्यातून धुराची एक रेघही निघत नाही. तापल्या लोखंडात आग असते हे जुन्या नैयायिकांचे, म्हणजे न्यायशास्त्राच्या पंडितांचे, मत आज शाळकरी मूलही मान्य करणार नाही, पण फुललेल्या कोळशांवर त्याचीही हरकत नसावी. डोंगरावर आग आहे म्हणून तिथे धूर असलाच पाहिजे, हे उलटे अनुमान इथे ऐरणीशेजारीच कोसळते. पाश्चात्त्य तर्कशास्त्रात हा अव्याप्त मध्यपदाचा, म्हणजे दोन विधाने जोडणारे पद एकाही विधानात पूर्णपणे न घेतल्याचा, दोष ठरतो. आपल्याकडे त्याला असिद्धाचाच एक प्रकार, व्याप्यत्वासिद्ध, म्हणतात. नाव जिभेला जड आहे, परंतु आपल्या शास्त्रकारांनी दोषाला नाव देऊन थांबण्याऐवजी त्याचे कारणही शोधले: धूर नुसत्या आगीने होत नाही, तिला ओल्या सरपणाची जोड लागते. न बोलता गृहीत धरलेल्या या अटीला ते उपाधी म्हणतात.

मुले पळवणारे अनोळखी असतात, हे लोक अनोळखी आहेत, म्हणून हे मुले पळवणारे, या अनुमानाचा साचाही तोच आहे; १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात अशाच संशयावरून जमावाने पाच जणांचे प्राण घेतले.

प्राध्यापकपदाच्या पात्रतेसाठीच्या नेट परीक्षेच्या पहिल्या प्रश्नपत्रिकेत आज व्याप्ती, म्हणजे जिथे धूर तिथे आग असा अटळ संबंध, आणि हेत्वाभास आहेत आणि ते पाठ करूनही गुण मिळतात. आमच्या मते हा धडा भट्टीपुढे उभे राहूनच शिकवावा. लोहारदादांनी आताच बाभळीचा एक ओला ढलपा निखाऱ्यांवर टाकला आहे. काही क्षण नुसती चरचर ऐकू येते, आणि मग छपराच्या फटींतून धूर बाहेर पडू लागतो.