पवित्रता आणि वेचणीचा काटा

(अमरावती जिल्ह्यातल्या एका मंडळीत हंगामाच्या सणाला केलेलं भाषण, थोडं आवरून.)

सगळ्यांना जय ख्रिस्त.

अर्पणात आलेल्या मालाचा हर्रास, म्हणजे लिलाव, आत्ताच आटोपला. एक कोहळं हजार रुपयांना गेलं, त्याबद्दल घेणाऱ्याचं अभिनंदन. जेवणाला अजून वेळ आहे असं पाळकसाहेब म्हणतात, म्हणजे मी किती बोलायचं ते स्वयंपाक करणाऱ्यांच्या हातात आहे.

विषय दिलाय रोजच्या जगण्यातली पवित्रता. आपल्या भागाला हा विषय नवा नाही. वाशीम-बुलढाण्याकडं नाझरीन, यवतमाळकडं फ्री मेथडिस्ट, अकोला-अमरावतीकडं अलायन्स, या तिन्ही मिशनांचा भर पवित्रीकरणावरच होता. अलायन्सचे संस्थापक ए. बी. सिम्प्सन ख्रिस्ताला चार नात्यांनी ओळखायला शिकवत. तारणारा, पवित्र करणारा, बरं करणारा आणि पुन्हा येणारा राजा. आपल्या आजा-पणज्यांनी त्यातल्या दुसऱ्याचा अर्थ सरळ लावला. दारू सोडली, तंबाखू सोडली, तमाशा सोडला. त्याला मी हसणार नाही. ज्या घरातून बाटली गेली त्या घरातल्या बाईला विचारा, ते केवढं काम होतं. पण आज आपल्यातल्या पुष्कळांनी तंबाखू कधी तोंडातच घातली नाही. जे करायची इच्छाच नव्हती, ते न केल्याचं श्रेय घेऊन आपण स्वस्तात पवित्र झालो.

बायबलातल्या लेवीय पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय घरी जाऊन सबंध वाचा. सुरुवातीलाच परमेश्वर म्हणतो, तुम्ही पवित्र असा, कारण मी पवित्र आहे. पेत्राने आपल्या पहिल्या पत्रात हेच वचन घेतलंय. आता पुढं काय येतं? उपास, रात्रभराची प्रार्थना? आईबापांचा मान येतो, शब्बाथ म्हणजे विसाव्याचा दिवस येतो, अर्पणाचे नियमही येतात. आणि लगेच आपण वावरात जातो. कडेकोपऱ्यापर्यंत कापणी करू नका, सरवा, म्हणजे कापणीनंतर वावरात राहिलेलं पीक, वेचू नका, तो गरिबाला आणि परक्याला राहू द्या. मजुराची मजुरी सकाळपर्यंत अडकवू नका. बहिऱ्याला शिव्या देऊ नका. चुगल्या करत हिंडू नका, यात आता मोबाईलवर आलेलं खरंखोटं पुढं ढकलणंही धरा. आणि शेवटाकडं काटा आणि वजनं खरी ठेवा. देव पवित्रतेविषयी बोलायला बसतो आणि वजनमापापर्यंत येतो.

काट्यापाशी जरा थांबू. वेचणीचा दिवस कसा संपतो ते तुम्हाला माहीत आहे. ऊन उतरलं की बाया ओट्यातला कापूस गाठोड्यात बांधून धुऱ्यावर आणतात. बोंडाच्या वाळल्या टोकांनी नखांजवळची कातडी सोललेली असते, म्हणून गाठ मारताना कित्येक जणी दातांनी फडकं ओढतात. झाडाच्या फांदीला काटा टांगलेला. गाठोडं अडकवलं की काटा खालीवर होतो, आणि मालक बहुतेक वेळा तो हलत असतानाच आकडा सांगून मोकळा होतो. एकदा एक म्हातारी म्हणाली, "काटा थांबू तं द्या, भाऊ." मी तिथंच उभा होतो. पवित्रतेवर मी ऐकलेला सर्वात छोटा उपदेश हाच.

मग किलो-दीड किलो कापलं जातं. कारण काय, तर सकाळच्या दवाची ओल. ओल असते, खोटं नाही. पण ती दुपारी तीनला वेचलेल्या कापसातूनही कापली जाते.

तुम्ही म्हणाल, आमचं कोण बघतं? बरोबर आहे. सीसीआय, म्हणजे कापूस खरेदी करणारं सरकारी महामंडळ, आठ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण भाव देते, त्यावर भाव कापते आणि बाराच्या वर गाडी परत पाठवते. खाजगीत तर व्यापाऱ्याने मुठीत कापूस दाबून तोंड वाकडं केलं की भाव पडतो. शेतकरी नागवला जातोच. पण मत्तयाच्या अठराव्या अध्यायातला तो चाकर आठवा. त्याच्यावर दहा हजार तालांतांचं, म्हणजे जन्मात न फिटणारं, कर्ज होतं. ते माफ होऊन तो बाहेर पडतो, आणि शंभर दिनारांसाठी, म्हणजे त्यामानाने चिल्लर रकमेसाठी, सोबत्याचा गळा धरतो. आपल्याला कुणी काही माफ केलं नाही म्हणून आपण गळा धरतो, असं तर नव्हे? असं वाटत असेल तर मग वधस्तंभाबद्दल आपण दर रविवारी काय गातो तेही एकदा तपासावं लागेल.

मजुरी बाजाराच्या दिवशी द्यायची रीत आहे. ठरवून असेल तर हरकत नाही. पण बाजार सकाळी भरतो आणि पैसे दिवेलागणीला मिळतात, तेव्हा त्या बाईच्या पिशवीत काय पडतं? सडके टमाटे. बायबलातल्या अनुवाद या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात सूर्य मावळायच्या आत मजुरी द्या असं आहे, आणि कारणही दिलंय, तो गरीब आहे आणि त्याचा जीव त्या पैशाकडं लागलेला असतो. मेळघाटातून कोरकू कुटुंबं वेचणीला येतात. एकोणिसाव्या अध्यायातला परका आपल्या वावरात पाल ठोकून राहतो. त्याला पिण्याचं पाणी कुठून मिळतं, हे आपल्याला ठाऊक आहे का?

याच जिल्ह्यात गाडगेबाबा जन्मले. दिवसा गाव झाडायचे, रात्री कीर्तन करायचे. आपल्या शेजाऱ्यांना देवभक्ती अशी हाताने दिसलेली आहे. आपली गाणी त्यांना ऐकू जातात, पण आपला काटाही ते बघतात.

हे सगळं आपल्या जोरावर होत नाही, हेही तितकंच खरं. लेवीयातच पुढं देव म्हणतो, तुम्हाला पवित्र करणारा मी आहे. म्हणून काटा थांबायची वाट बघायला आपल्याला परवडतं. दोन किलोंनी आपण बुडणार नाही, कारण आपला सांभाळ त्या दोन किलोंवर नाही.

मागून कुणीतरी विचारतंय, सरवा सोडायचा तो किती? शास्त्रात माप नाही. यहुदी गुरूंनी मात्र शेताच्या कडेच्या पिकाला कमीत कमी साठावा हिस्सा असं माप ठरवलं. तोच हिशेब सरव्याला लावून बघा. एकरी सहा क्विंटल सोयाबीन धरलं तर साठावा हिस्सा दहा किलो होतो. सोयाबीन यंदा निघून गेलं. तूर जानेवारीत निघेल, आणि शेवटच्या वेचणीनंतरची कवडी, म्हणजे उरलासुरला कापूस, अजून पऱ्हाटीवर राहणारच आहे. म्हाताऱ्या बाया वावरात शिरल्या तर त्यांना हाकलायला पोरगा पाठवू नका. चला, वरणाचा वास आला, पत्रावळी मांडा.