रेडिएशननंतर वर्षांनी बिघडणारं पोट

नमस्कार श्रोतेहो. गर्भाशयमुख, प्रोस्टेट किंवा गुदाशयाच्या कॅन्सरसाठी ओटीपोटावर रेडिएशन घेतलं, की शेजारची निरोगी आतडीही किरणांच्या वाटेत येतात.

क्ष-किरणांनी पोट बिघडतं, हे फार लवकर कळलं होतं. क्ष-किरणांचा शोध १८९५ च्या नोव्हेंबरातला. १८९७ साली डेव्हिड वॉल्श नावाच्या डॉक्टरांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक हकिगत छापली. क्ष-किरणांच्या नळीजवळ काम करणारा एक माणूस. पोटात कळा आणि जुलाब. कामापासून दूर गेला, की पोट ठीक. परत आला, की पुन्हा कळा. मग पोटासमोर शिशाचा पत्रा धरला आणि त्रास थांबला! दुर्बीण नाही, बायॉप्सी नाही. कधी होतं, कधी थांबतं, एवढंच नीट पाहिलं आणि निदान झालं. मला तर वाटतं, रिपोर्टांची फाईल उघडण्याआधी प्रत्येक डॉक्टरनं पाच मिनिटं पेशंटचं नुसतं ऐकावं. पेशंटनंही लाजू नये. शौचाची घाई, कपड्याला डाग, रात्री झोपेतून उठावं लागणं, हे सगळं सांगायचंच असतं.

उपचार चालू असताना होणारे जुलाब बहुधा काही आठवड्यांत थांबतात. उशिराचा त्रास निराळा. तो सहा महिन्यांनी सुरू होतो, कधी वीस वर्षांनी. हो, वीस वर्षांनीही. बारीक रक्तवाहिन्या बुजत जातात, आतड्याची भिंत कडक होते, अस्तरावर नाजूक नव्या वाहिन्या उगवतात आणि त्याच फुटून रक्त पडतं.

रक्त दिसलं, तर मूळव्याध समजून मलम लावत बसू नका. दुर्बिणीची तपासणी करा, आणि आधीच सांगा, “माझं रेडिएशन झालंय.” गुदाशयाच्या पुढच्या भिंतीचा तुकडा तपासायला काढला तर जखम कधी कधी भरत नाही, कधी आरपार भोक पडतं. म्हणून पुन्हा सांगते, रेडिएशनचं आधी सांगा. रक्तस्राव त्रासदायक असेल तर डॉक्टर सुक्राल्फेटचा एनिमा देतात: दोन ग्रॅम औषध, थोड्या पाण्यात, दिवसातून दोनदा.

पाण्यासारखे जुलाब असतील, तर लहान आतड्याचं शेवटचं टोक पित्त शोषत नसेल. त्यावर कोलेस्टिरामिनची पूड मिळते. ती पित्त धरून ठेवते, पण इतर औषधंही धरून ठेवते, म्हणून बाकीच्या गोळ्या तिच्या तासभर आधी किंवा चार ते सहा तासांनी घ्या.