गूगलमध्ये प्रश्न विचारल्यावर

[दृश्य: न्यूयॉर्क, हडसन नदीकाठचं उद्यान]

१ नोव्हेंबर २०१८. सिंगापूर, हैदराबाद, बर्लिन, लंडन, डब्लिन. जिथे जसे सकाळचे ११:१० वाजत गेले, तिथे तसे गूगलचे कर्मचारी जागेवरून उठले. हे न्यूयॉर्क. पुठ्ठ्यांवर हातानं लिहिलेले फलक पाहा, आणि ते धरणारे चेहरेही. आयोजकांच्या हिशेबानं त्या दिवशी ५० शहरांत २०,००० माणसं बाहेर पडली.

कारण? अँड्रॉइडचे जनक अँडी रूबिन. त्यांच्यावरची लैंगिक गैरवर्तनाची तक्रार कंपनीला विश्वासार्ह वाटली होती. तरीही २०१४ साली जाताना त्यांना ९ कोटी डॉलर मंजूर झाले, हे वृत्तपत्रानं उघड केलं. रूबिन यांनी आरोप नाकारले.

मागण्या पाच. त्यातली कळीची, सक्तीचा लवाद बंद करा. म्हणजे काय, तर कंपनीविरुद्धची तक्रार कोर्टात न्यायची नाही, बंद दाराआड मिटवायची; आणि ही अट नोकरीच्या करारातच. तरुण पोरं रुजू होतानाच आपला हक्क सही करून देत होती! आठवड्याभरात लैंगिक छळाच्या तक्रारींपुरती ही सक्ती गेली, मार्च २०१९ पासून कर्मचाऱ्यांच्या सगळ्याच तक्रारींसाठी गेली. हे रस्त्यावर उतरलेल्यांनी मिळवलं.

[दृश्य: माउंटन व्ह्यू, मुख्यालयाचं आवार]

इथे दर आठवड्याला सभा भरायची. कालपरवा लागलेला इंजिनीयरही उठून थेट संस्थापकांना प्रश्न विचारायचा. हुशार मुलं गूगलकडे ओढली जायची त्यात पगार होताच, पण हा मोकळेपणाही होता. नोव्हेंबर २०१९ मध्ये ती सभा महिन्यावर गेली. त्याच महिन्यात कंपनीविरुद्ध संघटन करणाऱ्या चौघांना काढलं. कंपनीनं कारण दिलं माहिती-सुरक्षेचं. मोर्चाच्या आयोजक मेरेडिथ व्हिटेकर आणि क्लेअर स्टेपलटन त्याआधीच बाहेर पडल्या होत्या. आपल्यावर सूड उगवला गेला, असं दोघींनी जाहीरपणे सांगितलं. कंपनीनं ते नाकारलं.

डिसेंबर २०२०. भाषा-मॉडेलांच्या, म्हणजे माणसासारखा मजकूर लिहिणाऱ्या एआयच्या, धोक्यांवर शोधनिबंध लिहिणाऱ्या गूगलच्याच संशोधक टिमनिट गेब्रू. त्या म्हणतात काढलं, कंपनी म्हणते राजीनामा दिला.

[दृश्य: विद्यापीठाचा परिसर, विद्यार्थी]

मग दार बाहेरून बंद व्हायला लागलं. गेब्रूंच्या प्रकरणावरून कॅनडातले प्राध्यापक ल्यूक स्टार्क यांनी गूगलचं ६०,००० डॉलरचं संशोधन अनुदान नाकारलं. गेब्रू ज्या संस्थेच्या सहसंस्थापक, त्या ‘ब्लॅक इन एआय’नं गूगलचं प्रायोजकत्व घेणं थांबवलं, ‘क्विअर इन एआय’नंही. कृष्णवर्णीय आणि क्विअर (समलिंगी, ट्रान्सजेंडर वगैरे) संशोधक कंपन्यांना भेटतात ते याच मंडळींत. एप्रिल २०२४ मध्ये गूगल आणि अॅमेझॉननं इस्रायल सरकारशी केलेल्या ‘निंबस’ या क्लाउड-सेवेच्या करारावरून गूगलच्या कार्यालयात ठिय्या दिला गेला; आधी २८, मग आणखी कर्मचारी काढले. दोन महिन्यांत ११०० हून अधिक विद्यार्थ्यांनी आणि तरुण तंत्रज्ञांनी लिहून दिलं: हा करार सुटेपर्यंत गूगल आणि अॅमेझॉनची नोकरी घेणार नाही.